डांबर संपतं तिथून पुढे

जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर माँटेगो बे नावाचं शहर आहे. समुद्राकडे तोंड करून बसलेली हॉटेलं, विमानतळ, क्रूझची जहाजं, सगळं एका अरुंद पट्ट्यात. त्या पट्ट्याकडे पाठ करून गाडी आत वळली की रस्ता चढू लागतो, घरं विरळ होतात, डांबराला भगदाडं पडू लागतात आणि एका वळणावर डांबर संपतंच. पुढे पांढरा मुरूम. तिथे वाटाड्या गाडी थांबवतो, खाली उतरतो आणि चारही चाकांतली थोडी थोडी हवा सोडतो. डोंगरातल्या रास्ताफारी नावाच्या जटाधारी पंथाच्या वाडीकडे नेणारी सहल खरी सुरू होते ती तिथे.

जाहिरातींत या रस्त्याचंच कौतुक जास्त असतं. चिखल, धक्के, नदीतून जाणारी गाडी. त्यात मजा आहेच, ती नाकारायचं कारण नाही. पण रस्ता इतका वाईट का आणि त्याच्या टोकाला माणसं राहायला का गेली, हे ठाऊक असलं की तेच धक्के निराळे लागतात.

जमैकाची जवळजवळ दोन-तृतीयांश जमीन चुनखडीची आहे. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या डोळ्यांना ती फसवते. आपल्याकडे पाणी कातळावरून धावतं, दिसतं, ऐकू येतं. इथे ते भोकांतून खाली मुरतं, गुहांमधून वाहतं आणि मैलभर पुढे भलतीकडेच झरा होऊन फुटतं. रस्त्यावर टाकलेला मुरूमही त्याच दगडाचा. तिथले लोक त्याला 'मार्ल' म्हणतात. उन्हात तो सिमेंटसारखा घट्ट बसतो, पाऊस पडला की साबण होतो, आणि त्यातून वर आलेल्या दगडांच्या कडा कोयत्यासारख्या असतात. म्हणून हवा सोडायची, पण बेताने. ३२ची हवा २२ वर आणली की चाक जमिनीवर पसरतं आणि पकड येते. उत्साहात १५ पर्यंत खाली नेली तर टायरची कडेची भिंत फुगून बाहेर येते आणि नेमकी तीच दगडाच्या कडेवर चिरली जाते. तळव्याला पडलेलं भोक बुजवता येतं, कडेची चीर बुजत नाही.

चढ लागण्याआधीच गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त जोराच्या गिअरांत, घालायची. अर्ध्या चढावर गिअर शोधत बसलं की वेग जातो आणि चाकं जागच्या जागी मुरूम उकरू लागतात. उतारावर पहिला गिअर, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, ब्रेकला जवळपास स्पर्श नाही. गाडीला इंजिनच धरून ठेवतं. ओल्या मुरुमावर ब्रेक दाबला तर चाकं थांबतात, गाडी मात्र घसरत जाते. स्टिअरिंगच्या कड्यात अंगठे अडकवायचे नाहीत, बाहेरून ठेवायचे. चाक खड्ड्यात आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. मागे बसलेल्यांनी जीभ दातांमध्ये ठेवून बोलू नये, हेही सांगावं लागतं.

नदी ओलांडताना घाई नडते. वाटाड्या आधी पायी उतरतो, काठीने तळ चाचपतो. पाणी गुडघ्याच्या खाली आणि तळ दिसत असेल तर गाडी चालण्याच्या वेगाने घालायची, मध्ये गिअर बदलायचा नाही, थांबायचं नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून कोरडे करायचे, नाहीतर पुढच्या उतारावर ते लागतच नाहीत. पाणी गढूळ झालं असेल तर मात्र माघारी फिरायचं, डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. तो रंग वरच्या डोंगरात पडून गेलेल्या पावसाचा असतो आणि पाणी त्याच्या मागोमाग येतं. आतल्या डोंगरांत पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून निघायचं सकाळीच. मे-जून आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे भरपावसाचे महिने, डिसेंबर ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा चक्रीवादळाने बेटाच्या पश्चिम भागाची दाणादाण उडवली. तेव्हा नकाशावर दिसणारा रस्ता जागेवर आहे का, हे निघण्याआधी तिथल्याच माणसाला विचारलेलं बरं.

तर माणसं इथे का आली?

पहिले आले ते मळ्यांवरून पळालेले गुलाम, मरून म्हणून ओळखले जाणारे. या चुनखडीच्या दऱ्याखोऱ्यांच्या आधाराने त्यांनी इंग्रजी फौजेला इतकं झुंजवलं की १७३९ मध्ये इंग्रजांना तह करावा लागला. डोंगर आपल्या बाजूने लढतो म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पुढे १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली, तेव्हा सपाटीवरची सगळी चांगली जमीन ऊसमळ्यांच्या मालकांकडेच राहिली. मोकळी झालेली माणसं उरलेल्या जमिनीकडे, म्हणजे वर सरकली. उतारावरचा तुकडा, त्यात कंद, केळी, शेंगा. रास्ताफारी जीवनाचा पाया या तुकड्यात आहे, म्हणून तो बघितल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

धर्म म्हणून त्याची सुरुवात १९३० नंतरची. २ नोव्हेंबर १९३० ला इथिओपियात रास तफारी मकोनेन यांचा हैले सेलासी पहिले म्हणून राज्याभिषेक झाला. आफ्रिकेतला काळा सम्राट, बायबलमधल्या राजवंशाची बिरुदं घेतलेला. जमैकातल्या गरीब काळ्या माणसाला त्यात आपला देव दिसला. ही गोष्ट लोकांना सांगत फिरणाऱ्यांमध्ये सर्वांत पुढे होते लेनर्ड हॉवेल. राजद्रोहाच्या आरोपाखाली ते तुरुंगात गेले, आणि सुटून आल्यावर १९४० मध्ये सेंट कॅथरिन परगण्यातल्या डोंगरावर त्यांनी 'पिनॅकल' नावाची वसाहत उभी केली. शेकडो माणसं तिथे स्वतःचं धान्य पिकवत राहिली. पोलिसांनी १९४१ मध्ये धाड घातली आणि १९५४ मध्ये ती वसाहत मोडून काढली.

माँटेगो बेचं स्वतःचंही एक दुखणं आहे. शहराच्या पूर्वेला, आज जिथे मोठी हॉटेलं आहेत त्याच बाजूला, कोरल गार्डन्स आहे. तिथल्या रास्ता, म्हणजे रास्ताफारी, शेतकऱ्यांची आपल्या तुकड्यांकडे जाणारी पायवाट जुन्या मळ्याच्या जमिनीतून जात होती आणि ती त्यांना नाकारली जात होती. किनाऱ्यावर पर्यटन यायचं होतं, जटाधारी माणसं तिथून ये-जा करताना नको होती. एप्रिल १९६३ मध्ये, ईस्टरच्या आधल्या गुरुवारी, भांडण पेटलं. पेट्रोल पंप जाळला गेला, पोलीस आणि रास्ता धरून आठ माणसं मेली. त्यानंतर ज्यांचा त्या घटनेशी काडीचा संबंध नव्हता अशा शेकडो रास्तांना बेटाच्या पश्चिम भागातून पकडून आणलं गेलं, मारहाण झाली, जटा कापल्या गेल्या. सरकारने माफी मागितली २०१७ मध्ये, म्हणजे ५४ वर्षांनी. हॉटेलातून सकाळी निघालेली गाडी सुरुवातीला याच किनाऱ्यावरून येते. वाटाडे हे बहुधा स्वतःहून सांगत नाहीत. विचारलं तर सांगतात, आणि विचारावं.

वाडीच्या तोंडाशी गाडी थांबते, पुढे पायी जायचं असतं. माँटेगो नदीकाठच्या 'रास्ताफारी इंडिजिनस व्हिलेज'सारख्या पाहुण्यांची सवय असलेल्या ठिकाणीही पाण्यातून आणि झाडीतून चालावं लागतं, म्हणून भिजले तरी चालतील असे, मागे पट्टा असलेले सँडल हवेत. अंगभर सुती कपडे. बायकांनी घोळदार स्कर्ट आणि डोक्याला बांधायला ओढणी ठेवावी. प्रार्थनेच्या जागी बायकांचं डोकं झाकलेलं लागतं, पुरुषांचं उघडं. दारू, मांस, त्यातही डुकराचं, बॅगेत नको, सँडविचमध्येसुद्धा नको. फोटोसाठी आधी तोंडाने विचारायचं, कॅमेरा खाली ठेवून. आणि 'रास्ताफारियनिझम' हा शब्द वापरायचा नाही. 'इझम' म्हणजे माणसांना विभागणारे वाद, असं ते मानतात. 'रास्ताफारी' पुरेसं आहे.

त्यांच्या बोलीकडे कान द्यावा. 'मी'साठी आणि 'आम्ही'साठीही ते 'आय अँड आय' म्हणतात. हैले सेलासींच्या नावापुढचा रोमन एकचा आकडा ते 'आय' असा वाचतात. तोच 'आय' माझ्यात, तोच समोरच्यात, मग 'तू' आणि 'मी' वेगळे काढायचे कशाला? इंग्रजीत हे समजावून सांगताना लोकांची दमछाक होते. मराठीत मात्र त्याच्या अगदी शेजारचा शब्द रोजच्या वापरात आहे: आपण. 'आम्ही'मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण'मध्ये तो आत येतो. पुन्हा 'आपण' म्हणजे आदराने 'तुम्ही', आणि रंगात आलेला माणूस स्वतःलाही 'आपण' म्हणतो. 'आय अँड आय' ऐकताना मनात 'आपण' म्हणत राहिलं की त्यांचं निम्मं बोलणं सरळ होतं.

पण सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो चुलीपाशी. रास्ता जेवणाला 'आयटल' म्हणतात. 'व्हायटल', म्हणजे प्राणदायी, या शब्दाचं पहिलं अक्षर गाळून पुढे तोच 'आय' आणला आहे. मांस नाही, डबाबंद काही नाही, आणि पुष्कळ घरांत मीठही नाही. परसात एक फेरी मारली की मराठी माणसाला ओळखीची मंडळी भेटू लागतात. 'गंगो पीज' म्हणजे आपली तूर. 'कॅललू' ही माठ-तांदुळज्याच्या कुळातलीच पालेभाजी. 'डॅशीन' म्हणजे अळूचा कंद, पुरता शिजला नाही तर तसाच घसा खाजवणारा. 'ब्रेडफ्रूट' म्हणजे कोकणातला नीरफणस. तो १७९३ मध्ये इंग्रजांनी जहाजात घालून इथे आणला, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. आज तोच अख्खा विस्तवावर ठेवतात. खालच्या टोकाला आधी फुलीची चीर देतात, नाहीतर आतली वाफ कोंडून तो फुटतो. तासाभरात सगळीकडून काळा झाला आणि देठाकडून वाफ सुटू लागली की झाला. साल उतरवली की आत भाजलेल्या पावासारखा गर.

रोजचं कालवण साधारण असं. सहा माणसांसाठी दोन वाट्या सुकी तूर रात्रभर भिजवायची. ही आख्खी तूर, डाळ नव्हे. ती नुसत्या पाण्यात मऊ शिजू द्यायची, तासभर तरी. मोठा नारळ खवून, गरम पाणी घालून, फडक्यातून पिळून तीनेक वाट्या दूध काढायचं. तूर बोटाने दबू लागली की आधी भोपळ्याच्या फोडी टाकायच्या, कारण त्यांनी विरघळून रस दाट करायचा असतो. मग नारळाचं दूध, ठेचलेला लसूण, चेचलेल्या कांद्याच्या पाती, चार काड्या थाइम आणि दहा-बारा दाणे पिमेंटोचे. पिमेंटो म्हणजे मसाल्याच्या दुकानात ऑलस्पाइस म्हणून मिळतो तो. पिवळ्या कंदाच्या आणि कच्च्या केळ्याच्या फोडी शेवटच्या अर्ध्या तासात, आधी टाकल्या तर लगदा होतो. आणि सगळ्यांत वर एक अख्खी हिरवी स्कॉच बॉनेट मिरची, देठासकट. ती चिरायची नाही, टोचायचीही नाही. तिने फक्त वास द्यायचा असतो. आच मोठी ठेवली किंवा डाव जोरात फिरवला तर मिरची फुटते आणि मग ते कालवण कोणालाच खाता येत नाही. नारळाचं दूध घातल्यावर झाकण घट्ट लावलं तर ऊतही जातं. म्हणून चुलीतली दोन लाकडं मागे ओढून मंद आच करायची आणि डाव कडेकडेने फिरवायचा. अनुभवी हात मिरचीला देठाने धरून अलगद बाहेर काढतो, तेव्हा ती फिकट आणि सुरकुतलेली असते, पण अभंग.

पहिला घास अळणी लागतो. जीभ मीठ शोधते. मीठ मागू नये, चार घास थांबावं. मग खोबऱ्याची गोडी, पिमेंटोचा लवंग-दालचिनीसारखा दरवळ आणि मागून येणारा मिरचीचा गंध वेगवेगळे कळू लागतात. वाढतात कॅलाबशच्या करवंटीत. हे झाडावर लागणारं गोल, टणक फळ. अर्धं कापून, गर खरवडून, उकळून, सावलीत वाळवलेलं. उन्हात वाळवलं की तडकतं.

एक ताकीद ॲकीबद्दल. लाल फळ, आत पिवळा गर आणि काळ्या बिया. ते झाडावरच आपोआप उकललं पाहिजे. न उकललेल्या फळात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, त्याने रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि माणूस दगावू शकतो. उकललेल्या फळाच्याही बिया आणि लाल पापुद्रा काढायचा, गर उकळायचा, पाणी फेकायचं. झाडाखाली पडलेलं फळ हौसेने उचलून तोंडात घालायचं नाही.

जेवणानंतर ढोल निघतात. तीन असतात: बास, फुंडे आणि रिपीटर. दोन्ही तोंडांना कातडं मढवलेला बास सर्वांत मोठा, तो कापड गुंडाळलेल्या दांड्याने वाजतो. चार मात्रा धरल्या तर पहिलीवर खुला घुमारा, तिसरीवर दाबलेला. फुंडे हाताने, हृदयाच्या ठोक्यासारखा: दोन आघात लागोपाठ, मग तेवढीच शांतता, पुन्हा दोन. रिपीटर या दोघांवर मोकळा बोलतो. भजनाला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. फुंडे म्हणजे टाळ, जागचा हलायचा नाही. रिपीटर म्हणजे रंगात आलेला पखवाज. पाहुण्याच्या हाती फुंडे देतात आणि पाहुणा दर वेळी एकच चूक करतो, ती शांतता भरून काढतो. दोन आघातांनंतर हात उचलून थांबणं जमत नाही, लय पळू लागते. लय असते शांत बसलेल्या माणसाच्या नाडीएवढी, तासन्‌तास तेवढीच. दमट हवेत कातडं सैल पडतं, मग ढोल विस्तवाजवळ धरून तापवतात आणि बोटाने टिचकी मारत आवाज चढेपर्यंत बघतात. तो विस्तव न्याबिंगीचा असेल, म्हणजे प्रार्थनेच्या रात्रीचा, तर त्याला आपल्याकडच्या धुनीचा मान असतो. त्यात कागद, कचरा टाकायचा नाही. धुनी राखणारा वेगळा माणूस असतो.

प्रार्थनेत ढोल बहुतेक ठिकाणी पुरुषच वाजवतात. हे मला पटत नाही, आणि रास्ता बायकाही हा प्रश्न आपल्या माणसांना वर्षानुवर्षं विचारत आल्या आहेत. पंथही एक नाही. किंग्स्टनच्या पूर्वेला बुल बे इथल्या डोंगरावर राहणारे, फेटे बांधणारे आणि केरसुण्या करून विकणारे बोबो शांती बायकांसाठी आणखी कडक नियम पाळतात. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत त्यांचा सब्बाथ असतो, त्या दिवशी सहल म्हणून जाऊच नये.

गांजाबद्दल बोलणं टाळता येणार नाही, आणि इथे आपला धागा खराच जुळतो. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार हिंदुस्थानी मजूर करारावर जमैकात नेले गेले, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, कलकत्त्याच्या बंदरातून. 'गांजा' आणि 'चिलीम' हे शब्द त्यांच्याबरोबर गेले. हॉवेल यांनी स्वतःला 'गंगुनगुरु मराघ' असं नाव घेतलं होतं, त्यातला 'मराघ' म्हणजे आपला 'महाराज'. रास्तासाठी गांजा चर्चेआधीचा प्रसाद आहे. त्या चर्चेला ते 'रीझनिंग' म्हणतात. २०१५ च्या कायद्यानुसार दोन औंसांपर्यंत गांजा जवळ असणं हा तिथे फौजदारी गुन्हा नाही, दंडाची पावती फाटते. घरात पाच झाडं लावता येतात, रास्तांना धार्मिक वापराची मुभा आहे. पण सार्वजनिक जागी ओढणं बंदच आहे, आणि विमानतळावरून गांजा नेणं भारतात आणि वाटेतल्या देशांत महागात पडतं. समोरून पुढे आलेली चिलीम नाकारली तर कोणी रागावत नाही. उजवा हात छातीवर ठेवून 'गिव्ह थँक्स' म्हटलं की झालं.

जटांकडे मात्र थोडं थांबून बघावं. महाराष्ट्रात 'जट' म्हटलं की पोरीच्या केसांत गुंता झाला म्हणून तिला देवीला सोडणं आठवतं, आणि ती जट कापून तिला मोकळं करणारे कार्यकर्ते आठवतात. इथे उलट आहे. ही जट माणसाने स्वतः होऊन घेतलेल्या व्रताची, बायबलमधल्या नाझीरांच्या व्रतासारखी, डोक्याला वस्तरा न लावण्याची. १९६३ मध्ये ती कापली गेली ती अपमान करायला. म्हणून कौतुकानेही तिला हात लावायचा नाही, विचारूनसुद्धा नाही.

निघताना काही विकत घ्यायचं असेल तर त्यांनीच केलेलं घ्यावं, कॅलाबशची वाटी, औषधी पाल्याचं तेल, केरसुणी. पैसे जमैकन डॉलरमध्ये, सुटे, आणि घासाघीस नको. मोकळ्या मनाने जेवायला वाढलेल्या घरात भाव करणं शोभत नाही.

उतरताना नदीचं पाणी पुन्हा बघायचं, सकाळी ज्या दगडापर्यंत होतं तोच दगड खुणेला धरून. मुरूम संपून डांबर लागलं की थांबायचं आणि पंपाने चारही चाकांत ३२ची हवा भरायची, कारण कमी हवेवर डांबरावरून वेगात गेलं की टायर तापून फुटतो. या कामाला वीसेक मिनिटं जातात. तेवढ्यात वरून कोणीतरी पायी येत असतं, डोक्यावर कॅललूच्या जुड्यांचं ओझं, खांद्याला कोयत्याची पिशवी. रस्ता अरुंद असतो. गाडी कडेला, अगदी गवतात घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि तो पुढे गेल्यावर निघायचं.